जाऊबाईंचं अर्धं वाक्य

त्या मुलीला खोली मीच दिली. दीर म्हणत होते, एकटी पोरगी नको, एखादं कुटुंब बघू. पण ती आली तेव्हा अंगण नुकतंच सारवलेलं होतं, आणि तिनं ते बघून चपला काढून हातात घेतल्या. भाड्याच्या खोल्या बघायला येणारी माणसं अंगणापर्यंत गाडी आणून लावतात. ही पाठीवर सॅक घेऊन, चपला हातात धरून, ओल्या सारवणाच्या कडेकडेनं दारापर्यंत आली. मी लगेच किल्ली काढून दिली.

मी तेव्हा पौडजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. माझे मालक जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलं पुण्यात. घरात आम्ही तिघंच, मी, थोरले दीर आणि जाऊबाई. मुठा खोऱ्यात रस्त्यापासून जरा वर आमचं घर आहे. चुली दोन, अंगण एक, गोठा एक. गोठा दोन्ही घरांचा म्हणायचा, पण त्यातलं शेण, चारा, पाणी, धारा हे सगळं जाऊबाईंच्या अंगावर. मी साडी नेसून, पर्स घेऊन स्कूटीवर बसायचे तेव्हा त्यांनी दुधाचा कॅन डेअरीवर पाठवलेला असायचा आणि त्या पुन्हा गोठ्यात वाकलेल्या असायच्या. नऊ जनावरं होती. तीन संकरित गाई, दोन गावठी, चार म्हशी. मी जाऊबाईंना अक्का म्हणते. त्या मला नावानं न बोलवता नुसतं 'अगं' म्हणतात.

मुलगी मूळची लातूरकडची. पुण्यात पर्यावरणाचं काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होती. खोऱ्यातल्या दुभत्या जनावरांचा अभ्यास करायला तिला इथंच सात-आठ महिने राहायचं होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं गाईच्या गळ्यात एक पट्टा बांधला. पट्ट्याला डबा, डब्यातून बारीक नळी निघून गाईच्या नाकपुडीपाशी. अक्का कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"ह्ये काय गं?"

"मावशी, गाय रवंथ करते ना, तेव्हा तिच्या पोटात वायू होतो. तो ढेकरातून बाहेर येतो. त्यानं हवा तापते. तो किती येतो ते बघायचंय."

"ढेकर मोजनार?"

"हो."

अक्का इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. "आमच्या हितल्या माणसाचा बी मोज," त्या दिरांकडे हात करून म्हणाल्या. "जेवला की समद्या आळीला कळतं."

मुलगीही हसली. त्या दिवसापासून ती आमच्यातली झाली. सकाळी डबे बदलायला गोठ्यात जायची ती तिथंच रमायची. तिला धार काढायला अक्कांनी शिकवलं. म्हैस व्याली तेव्हा खरवसाची पहिली वाटी तिला. पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला, तर अक्कांनी तीन आठवडे तिला आंबेमोहराची पेज भरवली आणि तिच्या खोलीत खाली घोंगडी टाकून झोपल्या. तिच्या आईला फोनवर सांगितलं, "येऊ नका, यष्टीनं हाल हुत्याल. मी हाय हितं." मी शाळेतून आल्यावर उंबऱ्यात उभी राहून चौकशी करायचे, तेवढीच.

ती फोनवर अक्कांचं बोलणं रेकॉर्ड करायची. चारा कुठून आणता, पेंड किती घालता, शेणाचं काय करता. अक्का सांगायच्या, शेण राबाला लागतं, म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा भाजायला; राब नीट भाजला नाही तर भाताचं रोप धरत नाही. आमच्याकडचं बोलणं तिला कळायचं, पण लिहून काढताना अडायची. मग रविवारी आम्ही दोघी बसायचो. मी ऐकून शुद्ध मराठीत लिहायचे, ती त्याचं इंग्रजी करायची. मला ते काम फार आवडलं होतं, हे इथं कबूल करते. तीस वर्षं मी मुलांचे निबंध तपासले होते. आमच्या घरातल्या बोलण्याला कुणी कागदावर मांडण्याजोगं समजतंय, याचा मला मान वाटला.

कागदांमध्ये एक संमतीपत्र होतं. त्यावर अक्कांची सही हवी होती. चार पानं, बारीक अक्षर. मी शाळेच्या गडबडीत होते, वरची दोन वाक्यं वाचली आणि पान उलटून अक्कांपुढे धरलं.

"काय हाय ह्यात?" अक्कांनी विचारलं.

"काय न्हाई अक्का. अभ्यासासाठी हाय. करा सही."

अक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी ओलं बोट पदराला पुसून, एकेक अक्षर जोडत सही केली. मुलगी शेजारीच उभी होती. तीही काही बोलली नाही.

मग एका दुपारी अक्कांची पाठ धरली. भाताची कापणी चालू होती, दिवसभर शेतात वाकून त्या आल्या आणि गोठ्यात गेल्या, तर एका गावठी गाईनं लाथ मारून भरलेली बादली सांडली. मुलगी जवळच होती, फोन चालू होता. अक्का तिथंच गव्हाणीच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "ही गुरं गेली तर बरं, असं वाटतं बघ कदी कदी. पाठ मोडली माजी. पन ही गेल्यावर मी कोन? गोठ्यात गेल्याबिगर मला दिस उगावल्यासारका वाटत न्हाई." मग उठून त्या गाईच्या पाठीवर थापटी मारून म्हणाल्या, "उबी ऱ्हा, भवाने."

हे सगळं मी रविवारी ऐकलं आणि जसंच्या तसं लिहून दिलं. 'भवाने'सुद्धा.

काम संपलं तशी मुलगी भुकूमला एका नव्या इमारतीत राहायला गेली. जाताना अक्का रडल्या. तीही रडली. मी तिला दोन किलो तांदूळ बांधून दिला. दोन-तीन महिन्यांनी तिचा फोन आला, पुण्यात मोठा कार्यक्रम आहे, अभ्यास सगळ्यांपुढे मांडणार आहोत, मावशींचा सत्कार करायचाय, गाडी पाठवते, तुम्ही दोघी याच.

अक्कांनी ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढलं. सकाळची धार नेहमीपेक्षा लवकर आटपली. गाडीत बसल्यावर पिरंगुटपर्यंत त्या खिडकीबाहेर बघून एकेक बंगला, एकेक इमारत दाखवत होत्या, हितं अमक्याचं खाचर व्हतं, हितं आमी गवताला यायचो.

हॉल थंडगार होता. खुर्च्या मऊ. पहिल्या रांगेत आमच्यासाठी चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. कार्यक्रमाला सत्कार म्हणता येईल असं सुरुवातीला काही नव्हतं. ती चर्चा होती, दुभत्या जनावरांची संख्या कमी करावी का, यावर. एक तरतरीत गृहस्थ म्हणाले की जनावरं निम्म्यावर आणली तरी चालतील, फक्त चांगली ठेवायची. जी कमी दूध देतात तीही ढेकर तेवढेच देतात, म्हणजे एका लिटरमागे त्यांचाच वायू जास्त. तेव्हा आधी गावठी, म्हातारी, भाकड जनावरं काढायची. जे कुटुंब काढेल त्याला मदत द्यायची. मग एक म्हातारे गुरांचे डॉक्टर उठले. ते म्हणाले, ज्या गाई डोंगरावरचं गवत आणि भाताचा पेंढा खाऊन जगतात, ज्यांच्या शेणावर शेत उभं राहतं, त्यांना तुम्ही नुसत्या दुधाच्या मापानं कसं मोजता? आणि शनिवारी पौड रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते तिचा धूर कुणी मोजलाय का? मागून टाळ्या पडल्या. दुसऱ्या बाजूनंही कुणी तरी काही बोललं. मला दोघांचंही पटत होतं. मी मनात म्हटलं, बरं झालं आलो, शाळेत मुलांना सांगता येईल.

मग आमची मुलगी मंचावर आली. नीट साडी नेसलेली, केस बांधलेले. अक्कांनी मला कोपरानं ढोसलं. "बारीक झाली गं."

ती म्हणाली, इथं आपण शेतकऱ्यांच्या वतीनं बोलतोय, पण शेतकरी बाई स्वतः काय म्हणते? आणि मागच्या पडद्यावर अक्कांचा फोटो आला. गव्हाणीच्या कडेला बसलेल्या, एक हात पाठीवर, डोळे मिटलेले. तो फोटो कधी काढला, आम्हाला माहीत नव्हतं. खाली मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत, दोन ओळी होत्या.

अक्का अक्षरं लावत होत्या. मला त्यांचे ओठ दिसत होते. "ही… गुरं… गेली… तर… बरं." मग पुढच्या ओळीवर, "पाठ… मोडली… माजी." पुढं काहीच नव्हतं.

त्या माझ्याकडे वळल्या. "ह्ये मी म्हनले व्हते?"

मी पडद्याकडेच बघत राहिले.

"म्हनले व्हते," त्याच स्वतःशी म्हणाल्या.

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. त्या तरतरीत गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले. अक्कांना वर बोलावलं. शाल, श्रीफळ, एका कुंडीत रोप. मुलीनं वाकून त्यांच्या पाया पडून माईक पुढे केला, "मावशी, दोन शब्द."

अक्कांनी माईककडे बघितलं, मग लोकांकडे. म्हणाल्या, "आमची सांजची धार ऱ्हायलीया. गाडी सोडा."

लोक हसले आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, किती साधी बाई.

परतीच्या वाटेवर अक्कांनी शाल मांडीवरून काढून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली. घर येईपर्यंत त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"त्या कागदावर ह्येच हुतं? मी सही केलेल्या?"

मी खरं सांगितलं. "मी पुरता वाचला न्हवता, अक्का."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओट्यावर अक्कांकडचा रोजचा दुधाचा तांब्या आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी शाळेतून येताना दुकानातून पिशवीचं दूध आणलं. ज्या घरात लग्न होऊन आल्यापासून मी कधी दूध विकत आणलं नव्हतं, तिथं मी ते पातेल्यात ओतून तापत ठेवलं, आणि ते उतू जाईपर्यंत नुसती बघत राहिले.

शनिवारी मी भुकूमला गेले. मुलीचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर. तिनं दार उघडलं आणि मला बघून ती काय ते समजली. चहा ठेवला. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्याच होतो.

"तू ते वाक्य तोडलंस," मी म्हणाले.

"काकू, स्लाइडवर जागा किती असते? मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही."

"पुढचं कुठं गेलं? मी लिहून दिलं होतं."

"रिपोर्टमध्ये आहे. शेवटी, परिशिष्टात. पूर्ण आहे."

"परिशिष्ट कोण वाचतं?"

ती एकदम म्हणाली, "तुम्ही मावशींचे हात बघितलेत? बोटं सरळ होत नाहीत त्यांची. मी रोज बघत होते. माझी आई अशीच झिजली. तुम्ही पंचवीस-तीस वर्षं नोकरी केलीत काकू, आणि त्यांनी तुमच्यासुद्धा वाटणीचं शेण काढलं. त्यांना कुणी विचारलं, बाई, थांबायचंय का तुला? मी विचारलं."

हे मला इतकं लागलं की मी हातातला कप खाली ठेवला. कारण ते खरं होतं. आणि खरं असूनही तिनं जे केलं ते त्यामुळे कमी होत नव्हतं, हेही मला त्याच क्षणी कळत होतं.

"आणि तो ढेकरातला मिथेन खोटा नाही," ती म्हणाली. "डोंगर तापतायत. कुणी तरी काही तरी कमी करायलाच हवं."

"मग ते तुझ्या तोंडानं म्हण की. तिच्या तोंडून कशाला?"

"माझं कोण ऐकतं?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माझ्या बोलण्यावर कुणी टाळी वाजवत नाही."

चहा चांगला दुधाचा होता. मी तो प्यायला नाही. लिफ्टपर्यंत ती सोबत आली, पण मी वळून बघितलं नाही. तिला मी मुलीसारखं मानलं होतं असं म्हणायची माझी सवय झाली होती. खरं तर अक्कांनी मानलं होतं. मी तिच्याकडून मान घेत होते.

उन्हाळ्याच्या तोंडी खोऱ्यात जनावरं काढणाऱ्याला मदत द्यायच्या योजनेची माणसं आली. डेअरीच्या ओट्यावर बैठक झाली, पुस्तिका वाटल्या. मुखपृष्ठावर अक्का होत्या, तोच फोटो, खाली त्याच दोन ओळी. पुस्तिका घेऊन एक म्हातारा अक्कांना सगळ्यांदेखत म्हणाला, "तुला गुरं नको झाली व्हय गं? आन् आता आमाला बी काडा म्हनतीस?" अक्का कॅन घेऊन निघून आल्या.

पण खरा घाव घरातच बसला. दिरांना गोठ्याच्या जागेवर कधीपासून खोल्या काढायच्या होत्या. आयटीतली माणसं शनिवार-रविवारला भाड्यानं घेतील अशा, संडास आतच असलेल्या. अक्का ऐकत नव्हत्या म्हणून तो विषय निघून निघून विरायचा. त्या संध्याकाळी दीर पुस्तिका घेऊन अंगणात बसले आणि म्हणाले, "चार काडू. गावठी दोनी, ती म्हातारी म्हैस आन् भाकड."

"न्हाई," अक्का म्हणाल्या.

"तूच म्हनलीयास की." दिरांनी पुस्तिका उलटी करून अक्कांपुढे धरली. "ह्ये बघ. छापलंय."

मी माझ्या ओट्यावरून ओरडले, "भावजी, ते अर्धंच हाय! त्या पुढं आनखी बोलल्या व्हत्या, मी लिवलंय!"

दीर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुजंच लिवलेलं हाय न्हवं ह्ये?"

चार जनावरं गेली. टेम्पो दुपारी आला. योजनेचा माणूस फोटो काढायला हजर होता. अक्कांनी त्याला विचारलं, "कुटं चाललीत ही?"

"खालच्या तालुक्यात, मावशी. व्यापारी नेतोय. तिकडं ठेवणारे आहेत."

"म्हंजे ढेकर तितं देतील," अक्का म्हणाल्या.

तो हसला. कागदावर तर आमच्या घरातली चार जनावरं कमी झालेलीच होती. गावठी गाय टेम्पोच्या फळीवर चढेना, तेव्हा अक्काच पुढे झाल्या, तिच्या मानेखाली खाजवत तिला वर घेऊन गेल्या आणि फळीवरून एकट्या उतरल्या.

गोठ्याच्या अर्ध्या भागात आता दोन खोल्या आहेत. शुक्रवारी रात्री गाड्या येतात, रविवारी जातात. एका पाहुण्यांनी तक्रार केली, शेणाचा वास येतो. दिरांनी मध्ये पत्रा मारला.

मी निवृत्त झाले. अक्का माझ्याशी कामापुरतं बोलतात. भाजी झाली का, लाइट कधी येणार, मुलाचा फोन आला होता का. यंदा चैत्रात त्यांच्या माहेरी भावाचं वास्तुशांतीचं बोलावणं होतं. दीर जायला तयार नव्हते, म्हणून फाट्यावर एसटीपर्यंत मी त्यांना स्कूटीवरून सोडायला निघाले. त्या मागं बसल्या, एक हात माझ्या खांद्यावर. वाटेत मी धीर केला.

"अक्का, माजं चुकलं. मी वाचायला पायजे व्हतं."

त्या म्हणाल्या, "ती पोरगी परकी. तिचा मला लई राग येत न्हाई. तिला तिची नोकरी हाय. पेज भरवली म्हून ती माजी झाली, असं मीच धरून चालले." गाडी खड्ड्यातून गेली, हात घट्ट झाला. "तू घरातली. मी कागद बघून सही न्हाई केली. तुज्याकडं बघून केली."

फाट्यावर त्या उतरल्या, लुगडं झाडलं, पिशवी घेतली. एसटी आली तेव्हा पायरीवर चढून मागं वळून म्हणाल्या, "चार दिसांनी येईन. म्हशीला ऊन लागू देऊ नगं."

त्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी परत आल्या. कुणाला न सांगता, फाट्यापासून चालत. मी गोठ्यात पाणी ठेवत होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्या हातातली बादली घेतली.

"का हो अक्का, चार दिस राहनार व्हता ना?"

"भावानं बी गोठा मोडलाय," त्या म्हणाल्या. "फरशी घातलीया. झ्याक दिसतीया. सकाळच्याला माजी झोप मोडली, पन करू काय? समदी उठेपरतूर भिताडाला टेकून बसले."

मग त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं, कारण म्हैस माझ्या अंगाच्या वासानं बुजत होती, आणि त्या धारेला बसल्या.